काव्यज्ञांची शिकवण

लेखनकला शिकविता येते काय, या प्रश्नाचे उत्तर मम्मटाच्या काव्यप्रकाशात आहे. शक्ती, निपुणता आणि काव्यज्ञांच्या शिकवणुकीने केलेला अभ्यास हे तिन्ही मिळून काव्याचा एकच हेतू होय, असे तो मानतो. यांपैकी शक्ती उपजत. ती कोणास देता येत नाही. उरलेल्या दोहोंची सोय मात्र करता येते.

जॉन फेअरफॅक्स व जॉन मोट या इंग्रज कवींनी १९६८ साली सुरू केलेल्या आर्व्हन या संस्थेचे कार्य नेमके हेच. यॉर्कशरमधील हेप्टन्स्टॉलजवळचे टेड ह्यूजचे घर, लम बँक, १९७५ पासून तिचे एक केंद्र झाले. येथे नवोदित मंडळी काही दिवस दोन जाणत्या लेखकांसह एकाच छपराखाली राहतात. सकाळी कार्यशाळा, दुपारी एकांतातील लेखन, सायंकाळी पाळीपाळीने स्वयंपाक, असा हा क्रम असतो.

निपुणतेसाठी मम्मटाने लोकावेक्षणही सांगितले असून त्याच्या 'लोका'त स्थावरजंगम सारे येते. लम बँकेच्या परिसरात हिंडणाऱ्यास उजाड माळ आणि ओढ्याकाठची जुन्या गिरण्यांची धुरांडी दिसतात. फे गॉडविनच्या छायाचित्रांसह निघालेला ह्यूजचा 'रिमेन्स ऑफ एल्मेट' (१९७९) हा संग्रह याच भूमीतून आला. म्हणून तेथील भटकंतीही अभ्यासातच मोडते.

धोकाही तेथेच आहे. ज्या भूमीवर समर्थ कवीची मुद्रा उमटली, तेथे नवोदित नकळत त्याच्याच डोळ्यांनी पाहू लागतो. अशा वेळी कसोटी लागते ती शक्तीची, आणि तिची उणीव कोणतीही संस्था भरून काढू शकत नाही.