चाकूचे म्यान आणि उकळते पाणी

शाळेच्या कार्यशाळेतला पुठ्ठा कापायचा चाकू किंवा बागेतला कलमे करायचा चाकू तुम्ही कसा ठेवता? बहुधा कागदात गुंडाळून, नाहीतर तसाच पिशवीत. अशा उघड्या चाकूने पिशवीत हात घालणाऱ्याचे बोट कापते आणि इतर हत्यारांवर घासून पात्याची धारही जाते. म्हणून तर तलवारीला म्यान असे. लाकडाच्या दोन पातळ फळ्या जोडून त्यांवर कातडे किंवा मखमल चढवीत. त्याला कसबी कारागीर लागे. आज तेच काम पी.व्ही.सी. पाइपाचा एक तुकडा आणि उकळते पाणी यांच्या साहाय्याने घरी करता येते. मात्र पाणीच का घ्यायचे, गॅसची ज्योत का नाही, हे समजून घेतल्याशिवाय या कामाला हात घालू नये.

प्लॅस्टिकचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक ऊष्मामृदू. ते तापवले की मऊ होते आणि निवले की पुन्हा कडक होते. लाखेचे असेच होते. तापवून मऊ केलेल्या लाखेच्या बांगड्या वळतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. पी.व्ही.सी. या जातीचे आहे. दुसरा प्रकार ऊष्मादृढ. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली तयार केलेले बॅकेलाइट या प्रकारात मोडते. बॅकेलाइटची मूठ कितीही तापवली तरी ती मऊ होत नाही. फार तापली तर करपते.

हा फरक कशामुळे पडतो? प्लॅस्टिकचे रेणू म्हणजे हजारो दुव्यांच्या लांबच लांब साखळ्या असतात. ही कल्पना हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडली आणि त्यासाठी त्यांना १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ऊष्मामृदू प्लॅस्टिकमध्ये या साखळ्या एकमेकींत नुसत्या गुंतलेल्या असतात. उष्णता मिळाली की त्या हलू लागतात आणि वस्तू वाकते. ऊष्मादृढ प्लॅस्टिकमध्ये साखळ्या आडव्या बंधांनी कायमच्या जखडलेल्या असतात.

कडक पी.व्ही.सी. सुमारे ८० अंश सें. तापमानाला मऊ पडते. १५० अंशांच्या पुढे त्याचे विघटन होऊ लागते आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. नाकाघशातल्या ओलाव्यात हा वायू विरघळला की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. गॅसच्या ज्योतीचे तापमान तर हजार अंशांहून अधिक! पाइप ज्योतीवर धरला की बाहेरचा थर जळतो आणि आतला अजून कडकच असतो.

आता पाण्याकडे पाहा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब थोडा कमी असतो. त्यामुळे नारायण पेठेतल्या स्वयंपाकघरात पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९८ अंशांना उकळते. गॅस कितीही मोठा केला तरी उघड्या भांड्यातल्या पाण्याचे तापमान त्यावर जात नाही. जादा उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. म्हणजे पाणी पी.व्ही.सी.ला मऊ करण्याइतके गरम होते, पण त्याचे विघटन होईल इतके कधीच तापत नाही. तापमानावरचा असा पहारेकरी फुकट मिळतो!

आता कृती. घरातले मोठे माणूस जवळ असू द्या. बाहेरून २५ मि.मी. व्यासाचा आणि २ मि.मी. जाडीचा नवा पाइप घ्या. त्याचा आतला व्यास २१ मि.मी. म्हणून आतला परीघ सुमारे ६६ मि.मी. पाइप चपटा केला की आत याच्या निम्मी, म्हणजे ३३ मि.मी. रुंदीची खाच मिळते. २५ मि.मी.पर्यंत रुंद पात्याला ती पुरते. पात्यापेक्षा ३ सें.मी. जास्त लांबीचा तुकडा कापून कडा कानशीने घासा.

साचा म्हणून चाकू मुळीच वापरू नका. पोलादी फूटपट्टीभोवती पोस्टकार्डाचा कागद गुंडाळा. साच्याची एकूण जाडी पात्याहून किंचित जास्त हवी. जुन्या डब्यात पाणी उकळून त्यात तुकडा तीन-चार मिनिटे बुडवा. चिमट्याने बाहेर काढा, जाड हातमोजे घालून पात्याच्या लांबीइतकी पट्टी आत सरकवा आणि दोन सपाट फळ्यांमध्ये ठेवून वर वजन ठेवा. पट्टी जिथे संपते तिथे पाइप आपोआप मिटत जातो. तिथे बारीक फट राहू द्या. पाणी अडून राहिले तर पाते गंजेल. दहा मिनिटांनी, तुकडा पुरता निवल्यावर पट्टी काढा.

कागद कशासाठी? निवताना पी.व्ही.सी. आकसते. तापमान ५० अंशांनी उतरले की १० सें.मी. लांबीत सुमारे ०.३५ मि.मी. फरक पडतो. एवढ्यानेही पट्टी आत आवळली जाते. कागदामुळे ती सहज निघते आणि पात्याला थोडी जागाही राहते.

परदेशात हौशी लोक कायडेक्स नावाच्या पत्र्यापासून म्याने करतात. त्यात पी.व्ही.सी. आणि ॲक्रिलिक यांचे मिश्रण असते. मात्र तो मऊ करण्यासाठी भट्टीत सुमारे १५० ते १७५ अंश तापमान ठेवावे लागते. तेथे पाण्याचा पहारा नसतो. भट्टी जरा जास्त तापली की विषारी वायू सुटतो. म्हणून तो प्रयोग घरी नको.

आणखी एक सावधगिरी. जुन्या पाइपांत शिशाची संयुगे मिसळलेली असत. त्यांवर निर्बंध घालणारे नियम भारत सरकारने २०२१ साली केले. म्हणून जुना पाइप घेऊ नये, उकळण्याचा डबा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये आणि हे म्यान भाजी-फळे कापायच्या चाकूला घालू नये.

आता एक प्रयोग. चपट्या केलेल्या पाइपाचा एक तुकडा पुन्हा उकळत्या पाण्यात टाका. काही क्षणांत तो जवळजवळ गोल होतो! दाबताना ताणल्या गेलेल्या साखळ्या निवल्यावर तशाच गोठल्या होत्या. उष्णता मिळताच त्या मूळ स्थितीकडे परतल्या. म्यान गरम पाण्याने का धुवायचे नाही, हे यावरून कळेल.

विचार करा : महाबळेश्वरला पाणी सुमारे ९५ अंशांना उकळते. तेथे हे म्यान करता येईल का? आणि बॅकेलाइटचा तुकडा घेतला तर?