उभा राहणारा बैल

पहाटे ४.३०

कोठ्यातला बल्ब लावला की आधी राजा मान वर करतो, मग सर्जा. ही आमची पटाची, म्हणजे शर्यतीची जोडी. दोघेही गवळाऊ. अंगाने पांढरे, तोंडाने निमुळते, पायाने हलके. वर्धा जिल्ह्याची ही स्वतःची जात; मराठ्यांच्या फौजांचं सामान दौडत नेण्यासाठी ती जोपासली गेली, असं पुस्तकांत वाचायला मिळतं. आमच्या राजाला ते सांगावं लागत नाही. खरारा पाठीला टेकण्याआधीच त्याची कातडी थरथरते. शंकरपटात इशारा होण्याच्या आत पाय उचलायला टपलेला बैल लागतो, आणि ती थरथर म्हणजेच त्याची किंमत.

त्यांचा नाश्ता भिजवलेला उडीद, दूध आणि ढेप. माझ्या नाश्त्याला एवढा खर्च येत नाही, हे महिन्यातून एकदा तरी घरात ऐकवलं जातं.

कोठ्याची दुसरी बाजू रिकामी आहे. २०२२च्या लम्पीच्या साथीत कामाच्या जोडीतला एक बैल गेला. भरपाईचे २५ हजार मिळाले, पण जोडी मोडली ती मोडलीच. राहिलेला बैल काही दिवस शेजाऱ्याच्या बैलासोबत जुंपला, मग विकून टाकला. तेव्हापासून घरात पळणारे दोन बैल आहेत आणि चालणारा एकही नाही. आज बाजाराचा दिवस.

सकाळी ६.००

वावरात एक फेरी मारली. फेब्रुवारी लागलाय, हरभरा घाट्यावर आहे, कपाशीची पराटी उपटायची राहिलीय. जंगलाकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अंधारात कोणी जात नाही; गिरडच्या या पट्ट्यात वाघाचा वावर आहे आणि तो रानडुकराच्या मागे पिकातही येतो. म्हणून उजाडल्यावरच.

इथेच, याच आठ एकरांत, मागच्या जुलैत मी शहाणपणा केला होता. भाड्याचा ट्रॅक्टर मिळेना, तण गुडघ्याला यायला लागलं. म्हटलं, बैल ते बैल. राजा-सर्जालाच डवऱ्याला जुंपू. डवरणी म्हणजे काय, हे ज्यांनी केलं नाही त्यांना सांगतो. कपाशीच्या दोन ओळींमधून बैलांनी चालायचं, मागे माणूस डवरा दाबत चालतो, फास मातीत दोन बोटं जातो आणि तण कापतो. बैलाची चाल एकसारखी हवी. तो पुढे सरकला तर फास वर येतो, थबकला तर खाली रुततो, आडवा गेला तर झाडं जातात. तासाच्या टोकाला थांबायचं, वळायचं, पुन्हा थांबायचं. राजाला थांबणं ठाऊकच नाही. पाऊण एकर कपाशी त्या सकाळी तणासोबत निघाली. पटात ज्या जोडीसाठी लोक उठून उभे राहतात, तिच्या मागे मी डवरा सोडून धावत होतो.

मुलाचं म्हणणं छोटा ट्रॅक्टर घ्या. त्याचं चूक नाही. १५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सकाळी उडीद मागत नाही. नांगरटीला तर मीही ट्रॅक्टरच बोलावतो, खोल नांगर ओढायला बैल घालण्यात आता अर्थ नाही. पण आमची जमीन काळी. पाऊस पडून गेला की ट्रॅक्टर रुतायच्या भीतीने तीन-चार दिवस धुऱ्यावर थांबतो, बैल त्याच्या आधी वावरात शिरतो. जुलैत पावसाची उघडीपच कधीकधी तेवढ्या दिवसांची असते. शिवाय पराटी मोठी झाली की ट्रॅक्टर जायचा कुठून?

सकाळी ८.००

नागपूरहून पुतण्याचा फोन. त्याचंही तेच चाललंय: पळणारं आहे, चालणारं नाही. दोन दारांची, जमिनीला टेकलेली मोटार आहे त्याच्याकडे. रविवारी पहाटे समृद्धी महामार्गावर जातो, आठवडाभर ती झाकून ठेवतो. ऑफिसला जायला आता दुसरी गाडी बघतोय आणि तिचीही अश्वशक्ती मला वाचून दाखवतोय. म्हटलं, बाबू, वेगाची हौस तुझी फिटलेली आहे. आता जी घेशील तिच्यात सीताबर्डीच्या गर्दीत संध्याकाळी अर्धा तास बसून पाहा. पाय दुखतो का, गार हवा लागते का, मागे आई बसली तर तिला चढता-उतरता येतं का. तो हसला. "काका, तुम्ही गाडीबद्दल बोलता की बैलाबद्दल?"

आमच्या आजोबांना हा प्रश्नच पडला नसता. अंगणात दमणी आणि बंडी अशा दोन गाड्या असायच्या. दमणी लग्नाला, यात्रेला, पाहुण्याला आणायला; तिला हलके, धावरे बैल. बंडी कापूस घेऊन हिंगणघाटला; तिला जड, सोशिक बैल. एकीचे बैल दुसरीला कोणी लावत नसे. मी लावले.

सकाळी १०.००

सालदार मामांना सोबत घेतलं. नात्याने मामा नव्हेत, पण तीस वर्षं बैलांमागे चाललेला माणूस; सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं. पिकअप टेकडीखालून निघाली. वर शेख फरीदबाबांचा दर्गा. टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल दगड सापडतात, त्यांची गोष्ट इथल्या पोरापोराला पाठ आहे. दोन व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, त्यांचा सगळा माल दगड झाला. पुढे माफी मागितली, तेव्हा बाबांनी वाळलेल्या पानांचा नवा माल करून दिला. भूगर्भशास्त्रवाले त्या दगडांना झिओलाइट म्हणतात. मामांनी खिडकीतूनच हात जोडले आणि म्हणाले, "बाजारात जाताना ही गोष्ट ध्यानात ठेवा, भाऊ. घरी नेल्यावर दगड निघते माल."

सकाळी ११.१५

बैलबाजारात शिरल्या शिरल्या माझे डोळे बिघडले. हे कबूल करायला हवं. पटाची सवय झालेला डोळा आधी पाय पाहतो, मग मान, मग शिंगं. कडुलिंबाखाली एक पांढरी जोडी बांधली होती. एका मापाची शिंगं, चार दाती, शेपटीचा गोंडा जमिनीला टेकत होता. मी सरळ तिकडे. दलालाने माझा चेहरा वाचला आणि भाव तिथेच वाढला असणार. दुपट्ट्याखाली हात घातला, त्याने माझी बोटं दाबली: सव्वा लाख. मी एक बोट सोडवलं, त्याने पुन्हा धरलं. आजूबाजूला पन्नास माणसं उभी, पण भाव दोघांनाच माहीत. हा खेळ मला आवडतो आणि त्यात मी नेहमी हरतो.

मामा जोडीकडे बघतही नव्हते. त्यांनी विचारलं, "हाकणार कोण?"

"तुम्हीच की."

"मंग मले पाहू द्या ना जी."

त्यांनी काय पाहिलं ते सांगतो. तोंड उघडून दात सगळेच बघतात; दोन दाती पोर असतो, चार-सहा दाती कामाला लागतो, जुळला की पूर्ण वयात आला. मामांनी दात शेवटी पाहिले. आधी खांद्यावरून तळहात फिरवला, जू टेकतं तिथे गाठ किंवा जुनी जखम आहे का. मग खूर उचलून दोन नख्यांमधली फट. मग बैलाच्या मागे गेले आणि एकदम टाळी वाजवली. पांढऱ्या जोडीतला डावीकडचा फुटभर उडाला. मामांनी माझ्याकडे पाहिलं, बोलले काहीच नाहीत. टाळीला उडणारा बैल धुऱ्यावर वाघाचा वास आल्यावर बंडीसकट कुठे जाईल, याचा हिशेब दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी झाला.

दुसरी जोडी, तिसरी. एक चांगली होती, पण मालकाने पाणी पाजून पोट भरलेलं. एकाला जुंपून दाखवा म्हटलं तर मालक म्हणाला, कशाला, बैल बैलासारखाच चालतो. मामा पुढे सरकले. बसकण मारणारा बैल मोकळा असताना कधीच ओळखू येत नाही. जू मानेवर आल्यावर तो खाली बसतो आणि मग शेपूट पिरगाळा नाहीतर पाया पडा.

दुपारी १२.४५

बाजाराच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ रिकामी बंडी जुंपूनच उभे होते. जोडी बेढब. एक मळकट पांढरा, दुसरा तांबडा. एकाचं शिंग आत वळलेलं, दुसऱ्याचं बाहेर. दोघेही जुळलेले. पटाच्या लोकांनी अशा जोडीला हसून वाट दिली असती.

"कायले विकता, बुवा?" मामांनी विचारलं.

"पोरगं पुण्याले गेलं. मायाच्यानं होत नाही आता."

मामांनी बंडी बाजारातून एकदा फिरवून आणली. मग बंडी रस्त्याच्या कडेला, ट्रॅक्टर आणि मोटारसायकली जातात तिथे उभी केली, कासरा साटीवर टाकला आणि मला म्हणाले, "चाला, चहा घेऊ."

"आणि बैल?"

"त्यायलेच तर पाहाचं हाये."

टपरीवर आम्ही दोन-दोन चहा घेतले. मध्ये भजी. एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत अगदी चाटून गेला. तांबड्याने कान हलवला. पांढऱ्याने शेण टाकलं. बस्स. अर्ध्या तासाने जोडी तिथेच होती, जू सरळ, दोघे रवंथ करत.

मला तेव्हा कळलं की आठ एकरांच्या धंद्यात बैल किती वेळ उभा असतो, हे मी कधी मोजलंच नव्हतं. कापूस भरताना, कुटार भरताना, शेणखत उतरवताना, पांदणीत समोरून बंडी आली तर, पावसात झाडाखाली, हिंगणघाटला कापसाच्या रांगेत. चालण्यापेक्षा उभं राहणंच जास्त. राजा-सर्जा सेकंदाच्या पॉइंटवर मोजले जातात. त्यांना उभं राहायला कोणी कधी शिकवलं नाही, आणि शिकवलं तर ते पटाचे राहायचे नाहीत.

दुपट्टा लागलाच नाही. बुवांनी तोंडानेच भाव सांगितला: पंच्याऐंशी हजार. मी घासाघीस सुरू करणार, तेवढ्यात मामांनी माझा सदरा ओढला. ब्याऐंशीत ठरलं. बुवांनी दोघांच्या कपाळावर हात फिरवला, जू सोडलं आणि जुनी येठणं आमच्या हातात दिली. "याच्याच सवयीचे हायेत," एवढंच म्हणाले.

दुपारी ३.००

पावती, पिकअप, चढवणं, उतरवणं. दोघेही फळीवरून स्वतः चढले. बाकी काही सांगण्यासारखं नाही, आणि सांगण्यासारखं काही घडलं नाही याबद्दल मामा फार खूश होते.

संध्याकाळी ७.००

पटाचे दोस्त नवी जोडी पाहायला आले. पाहिली. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. एकजण म्हणाला, "एक इकडे पाहते, एक तिकडे." मग विषय आपोआप राजा-सर्जाकडे आणि पुढच्या पटाकडे गेला.

या मंडळींना मी एका गोष्टीची आठवण करून देतो, आणि ती त्यांना आवडत नाही. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. राज्याने २०१७मध्ये कायदा बदलला, तो न्यायालयात अडकला; परवानगी मिळाली १६ डिसेंबर २०२१ला, आणि घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला १८ मे २०२३ला. बंदीची ती साडेसात वर्षं आमच्या घरची पटाची जोडी, राजा-सर्जाच्या आधीची, एक दिवसही पळाली नाही. तरी उडीद खात होती, दूध पीत होती. ते कोण कमवत होतं? कामाची जोडी. तिचं नाव तेव्हा कोणी विचारलं नाही. लम्पीत त्यातला एक गेला, तेव्हाही पंचनाम्यात फक्त 'बैल' लिहिलं होतं.

नियमाने आता काठी आणि टोचायची तुतारी बंद आहे, चाबूक बंद आहे. ते बरंच झालं. आमच्या राजाला तशीही कधी लागली नाही.

रात्री ९.३०

टॉर्च घेऊन कोठ्यात गेलो. अनोळखी वासाने राजा-सर्जा दावं ताणून उभे, कान मागे. पलीकडे नवे दोघे बसलेले, तांबड्याने मान पांढऱ्याच्या पाठीवर टाकलेली. कुटाराला अजून तोंड लावलेलं नाही. पहिली रात्र आहे.

बायको मागून आली. तिने अंधारातच दोघांना नीट पाहून घेतलं.

"याइचे नावं काय?"

बुवांना विचारायचं राहूनच गेलं होतं. तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "तुमी पन!" मग पत्र्याचा डबा उघडला. त्यावर मुलाने खडूने 'पट' लिहिलेलं आहे. त्यातून एक ओंजळ ढेप काढून तिने तांबड्यासमोर टाकली, एक पांढऱ्यासमोर, आणि झाकण लावलं.

तांबड्याने हुंगलं. मग खायला लागला.