उभ्या मोटारसायकलची बॅटरी का उतरते?

पेडणे व डिचोली तालुक्यांच्या ग्रामीण जीवनात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. औद्योगिक वसाहतीतील पाळी गाठणारा कामगार, भल्या पहाटे बाजाराकडे निघणारा विक्रेता आणि पिवळ्या मडगार्डाची गाडी भाड्याने चालविणारा पायलट या सर्वांची रोजी तिच्यावर अवलंबून असते. चतुर्थीच्या सुटीत किंवा पावसाच्या झडीत गाडी चार दिवस उभी राहावी आणि पाचव्या दिवशी स्टार्टरचे बटण दाबताच नुसती टकटक ऐकू यावी, हा अनुभव पुष्कळांना येतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यानंतरच्या गाड्यांत इंधनाचा पुरवठाही बहुधा विजेवर चालतो, आणि अनेक गाड्यांना किक नसते. अशा वेळी बॅटरी उतरणे म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडणे होय.

यावर सामान्यतः योजला जाणारा उपाय म्हणजे नवी बॅटरी विकत घेणे. परंतु दोष गाडीच्या तारांत असेल, तर नवी बॅटरीही काही दिवसांत जुनीच्याच वाटेने जाते आणि खर्च व्यर्थ होतो. म्हणून दोष बॅटरीत आहे, तिला भरणाऱ्या यंत्रणेत आहे, की गाडी बंद असतानाही कोठे वीज गळत आहे, याचा निर्णय प्रथम करावयास हवा. त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरेसा आहे.

बॅटरीची परीक्षा

मोटारसायकलच्या शिसे-आम्ल बॅटरीत सहा घट असतात व प्रत्येक घट सुमारे दोन व्होल्ट दाब देतो. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखविते. १२.२ व्होल्ट म्हणजे ती जवळजवळ अर्धी रिकामी झाली, असे समजावे. बॅटरी पूर्ण भरून दोन्ही तारा सोडवाव्यात व दोन-तीन दिवस ती तशीच ठेवावी. कोणताही भार नसताना दाब बराच खाली आला, तर दोष बॅटरीचाच होय. दाब टिकून राहिला, तर बॅटरी निर्दोष मानून पुढील तपासणीकडे वळावे.

येथे आपल्या हवामानाचाही विचार केला पाहिजे. पेडण्याच्या किनारपट्टीवरील खारी हवा बॅटरीच्या टोकांवर गंज चढविते. डिचोलीच्या अंतर्भागातील तांबडी धूळ पावसाळी दमटपणात भिजून बॅटरीच्या माथ्यावर थर धरते. या ओल्या थरातून दोन टोकांमध्ये अल्प प्रवाह वाहू शकतो. मीटरचे एक टोक ऋण टोकाला व दुसरे बॅटरीच्या माथ्याला लावून पाहावे. काही दाब दिसल्यास माथा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसून कोरडा करावा.

भरण यंत्रणेची परीक्षा

इंजिन मध्यम गतीने चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवरील दाब मोजावा. तो साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्ट असावा. १३ व्होल्टांच्या आत राहिल्यास बॅटरी नीट भरत नाही. १५ व्होल्टांच्या वर गेल्यास ती प्रमाणाबाहेर भरून लवकर निकामी होते. दिवसातून अनेकदा सुरू होणारी, परंतु दर वेळी जेमतेम एखादा किलोमीटर धावणारी गाडी स्टार्टरने खर्चलेली वीज भरून काढू शकत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

गळतीचा शोध

वरील दोन्ही गोष्टी ठीक असतील, तर गळती शोधावी. चावी बंद करून ऋण टोकाची तार सोडवावी. मीटर प्रथम दहा अँपियरच्या मर्यादेवर ठेवून ही तार व ऋण टोक यांच्या मध्ये जोडावा आणि काही मिनिटे थांबून आकडा वाचावा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नये वा स्टार्टर दाबू नये; तसे केल्यास मीटर जळण्याचा संभव असतो.

जुन्या साध्या गाडीत हा प्रवाह जवळजवळ शून्य असतो. घड्याळ व इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या गाडीत तो काही मिलिअँपियर असू शकतो. या आकड्याचे महत्त्व साध्या हिशेबाने कळते. पाच अँपियर-तासांच्या बॅटरीतून पाच मिलिअँपियर प्रवाह वाहत राहिला, तर ती रिकामी होण्यास सुमारे चाळीस दिवस लागतील. पन्नास मिलिअँपियर वाहिला, तर चारच दिवस पुरतात. स्टार्टर तर त्याच्याही आधी हार मानतो.

प्रवाह अधिक आढळल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. जो फ्यूज काढताच आकडा खाली येतो, त्याच्या मार्गात दोष असतो. मागाहून बसविलेला चोरघंटा, मोबाईल चार्जर किंवा थेट बॅटरीला जोडलेला जादा दिवा ही नेहमीची कारणे होत. ब्रेकचा अडकलेला स्विच आणि चावीच्या स्विचात शिरलेले पाणी यांचीही पाहणी करावी. फ्यूज काढूनही आकडा बदलला नाही, तर रेक्टिफायर-रेग्युलेटरचा जोड सोडवून पाहावा. त्यातील डायोड बिघडल्यास वीज उलट दिशेने वाहू लागते.

दक्षता

बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निर्माण होतो. म्हणून जवळ विडी, काडी वा ठिणगी असू नये आणि जागा हवेशीर असावी. तारा सोडविताना ऋण टोकाची तार आधी सोडवावी व जोडताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पाना गाडीच्या सांगाड्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. गाडी बरेच दिवस उभी ठेवावयाची असल्यास ऋण तार सोडवून ठेवणे श्रेयस्कर. कारण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व ती पुन्हा पूर्ण भरत नाही.

बॅटरी खरोखरच निकामी ठरली, तर ती परसात किंवा ओहोळात टाकू नये. तिच्यातील शिसे विषारी असून आम्ल जमीन व पाणी दूषित करते. २००१ च्या बॅटरीविषयक नियमांनुसार व त्यांच्या जागी आलेल्या २०२२ च्या नियमांनुसारही जुनी बॅटरी वेगळी ठेवून विक्रेत्याकडे अथवा मान्यताप्राप्त संकलन केंद्राकडे सोपविणे अपेक्षित आहे. परंतु त्याआधी वरील तीन मोजमापे अवश्य घ्यावीत. दोष एखाद्या जादा दिव्याच्या तारेत असताना चांगली बॅटरी भंगारात जाऊ नये आणि कष्टाचा पैसा अकारण खर्च होऊ नये, हाच या तपासणीचा खरा लाभ होय.