कचेरीबाहेरचे टेलिफोन एक्स्चेंज

मोठ्या पेढीच्या कचेरीत पूर्वी एका कोपऱ्यात खासगी एक्स्चेंजची पेटी असे आणि तिच्या दुरुस्तीचा व वाढीव जोडण्यांचा खर्च त्या पेढीच्याच माथी पडे. आता तिचे काम सेवा देणाऱ्या कंपनीच्या दूरस्थ संगणकांवर गेले असून, पेढीने दरमहा, बहुधा माणशी, आकार भरावा आणि इंटरनेटवरून बोलावे, असा रिवाज पडत आहे. यात आवाजाचे होते काय? प्रचलित जी.७११ पद्धतीत तो सेकंदास ८,००० वेळा मोजला जातो, त्या मापांचे अंक बहुधा २० मिलिसेकंदांच्या पुडक्यांत बांधून रवाना होतात, आणि पलीकडे ती पुडकी क्रमाने लावून पुन्हा ध्वनी निर्माण केला जातो. एखादे हरवलेच, तर ते परत मागवण्याइतकी सवड संभाषणाला नसते, म्हणून ते सोडून दिले जाते. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर सहसा जाणवत नाही. फार वाढला की दोघेही एकदम बोलू लागतात. विक्रेते काटकसरीचे गोडवे गातात, ते सर्वस्वी खोटे नाहीत. परंतु जुन्या तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजची वीजही येई, तशी सोय येथे नाही. तेव्हा वीज अथवा इंटरनेट खंडित झाल्यास येणारे फोन कोठे वळवले जातील, हे करारनाम्यावर सही करण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे.