व्यायामालाही आगार हवेत

लोह्याच्या बाजारपेठेत दुकानाचा दिवस घड्याळाप्रमाणे चालत नाही, गिऱ्हाइकाप्रमाणे चालतो. हंगामात तर गादीवरून उठायलाही उसंत नसते. अशा व्यापाऱ्याच्या हाती व्यायामशाळेतील प्रशिक्षक आठवड्यातून सहा दिवस, रोज एक तास, असा तक्ता देतो. तो पंधरवड्यात बंद पडतो. दोष आळसाला दिला जातो. बहुधा तो आखणीचा असतो.

वास्तविक नियम टिकविण्याची विद्या जैन घरांना परकी नाही. एरवी चार दुकाने ओलांडायला मोटारसायकल काढणारे श्रावक साधू-साध्वींच्या विहारात कोस-दोन कोस सहज चालतात. तेथे सोबत असते, वेळ ठरलेली असते, मागे श्रद्धा असते. पच्चक्खाणाची रचना तर प्रशिक्षकांनी अभ्यासावी अशी आहे. ते मुदतीचे असते आणि शक्तीनुसार घेतले जाते. सूर्योदयानंतरच्या अवघ्या ४८ मिनिटांच्या नवकारसीपासून आरंभ करता येतो. शिवाय त्यात आगार असतात. नवकारसीला अनाभोग आणि सहसाकार असे दोन. म्हणजे विस्मरणाने वा अकस्मात काही घडले तरी नियम भंगत नाही. व्यायामाच्या तक्त्यात नेमकी हीच सोय नसते. एक दिवस चुकला की सारेच संपले, असे माणूस धरून चालतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. चातुर्मास त्याहून पुष्कळ मोठा आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगते. मंदिर अथवा स्थानक दहा मिनिटांच्या वाटेवर असेल आणि दर्शनाला रोज झपाझप पायी जाऊन-येऊन केले, तर १४० मिनिटे तेथेच होतात. स्नायूंच्या बळासाठी आठवड्यातून दोनदा, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे हा आरंभ पुरेसा आहे. उपवासाच्या दिवशी जड व्यायाम नको. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारूनच उपवास व व्यायाम यांचा मेळ घालावा.

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढते. त्या दिवसांत वीस मिनिटांऐवजी दहाच, हा आगार नियम घेतानाच वहीत लिहून ठेवावा.