हलके चित्र, वेगवान दुकान

(इंटरनेटवर दुकान मांडले, की मालाची छायाचित्रे दाखवावीच लागतात. ती जड असली, तर दुकान उघडायला वेळ लागतो. छायाचित्र जड का होते, ते हलके कसे करतात आणि त्यामागे कोणाचे संशोधन आहे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, तुम्ही आईवडिलांबरोबर कापडाच्या दुकानात जाता. दुकानदार एकेक कापड काढून तुमच्यापुढे पसरतो. तुम्ही ते हातात घेता. बोटांनी पोत पाहता. उजेडात नेऊन रंग पारखता. इंटरनेटवरील दुकानात यांतले काहीच करता येत नाही. तिथे गिऱ्हाइकाला दिसते ते फक्त छायाचित्र. ते चांगले हवे आणि चटकन दिसायलाही हवे.

आपण छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे, उदाहरण घेऊ. तेथील हिमरू कापड प्रसिद्ध आहे. सूत आणि रेशीम यांपासून ते विणतात. त्यावर वेलबुट्टीची नाजूक नक्षी असते. समजा, तेथील एका विणकराने हिमरू शालींचे दुकान इंटरनेटवर मांडले. मोबाइलने वीस शालींची छायाचित्रे काढली आणि ती जशीच्या तशी दुकानाच्या पानावर लावली. दूरच्या गावातील एका गिऱ्हाइकाने ते पान उघडले. पडदा कोराच राहिला. थोड्या वेळाने पहिल्या शालीचा वरचा काठ दिसू लागला. गिऱ्हाईक कंटाळले आणि दुसऱ्या दुकानाकडे वळले. शाल उत्तम होती, किंमतही वाजवी होती; पण गिऱ्हाइकाने ती पाहिलीच नाही. विणकराची मेहनत वाया गेली.

असे का झाले? ते समजण्यासाठी छायाचित्र कसे बनते, ते पाहू. विणकर नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. प्रत्येक चौकटीत एक रंग भरलेला असतो. संगणकातील चित्रही असेच असते. त्यातील चौकटी मात्र फार बारीक असतात. अशा एका चौकटीला 'पिक्सेल' म्हणतात. प्रत्येक पिक्सेलचा रंग लाल, हिरवा व निळा या तीन रंगांच्या प्रमाणावरून ठरतो. ही तीन प्रमाणे लिहायला तीन बाइट जागा लागते.

आता हिशेब करा. मोबाइलच्या एका छायाचित्रात आडवे ४००० आणि उभे ३००० पिक्सेल असतील, तर एकूण १ कोटी २० लाख पिक्सेल झाले. प्रत्येकी तीन बाइट धरले, तर ३ कोटी ६० लाख बाइट होतात. मोबाइल हे चित्र साठवतानाच बरेच लहान करतो. तरीही ते ४० लाख बाइटचे राहिले असे समजू. गिऱ्हाइकाच्या मोबाइलला दर सेकंदाला ५ लाख बाइट मिळत असतील, तर एका चित्राला ८ सेकंद लागतील. वीस चित्रांना १६० सेकंद, म्हणजे २ मिनिटे ४० सेकंद! एवढा वेळ कोण थांबेल? शिवाय हा सगळा डेटा गिऱ्हाइकाच्याच पैशाने खर्च होतो.

यावर पहिला उपाय अगदी सोपा आहे. मोबाइलच्या लहानशा पडद्यावर दाखवायच्या चित्राला १ कोटी २० लाख पिक्सेल लागत नाहीत. ८०० गुणिले ६०० एवढे चित्र बहुधा पुरते. त्यात ४ लाख ८० हजार पिक्सेल असतात. म्हणजे चित्र एकदम पंचविसाव्या हिश्शाएवढे झाले.

दुसरा उपाय म्हणजे चित्र दाबून लहान करणे. यालाच 'संकोचन' म्हणतात. छायाचित्रांसाठी 'जेपेग' ही पद्धत सर्वांत जास्त वापरली जाते. तिचे प्रमाणभूत नियम १९९२ साली ठरले. या पद्धतीचा गाभा एका भारतीयाच्या संशोधनातून आला आहे. त्यांचे नाव नासिर अहमद. त्यांचा जन्म १९४० साली बंगळुरू येथे झाला. पुढे ते अमेरिकेत प्राध्यापक झाले. चित्राची माहिती थोड्या आकड्यांत मांडण्याची एक गणिती रीत त्यांना सुचली. १९७२ साली त्यांनी त्या कामासाठी सरकारी अनुदान मागितले. ही कल्पना फारच साधी वाटते, असे म्हणून ते नाकारण्यात आले. नासिर अहमद निराश झाले नाहीत. अनुदान नसतानाही त्यांनी काम चालू ठेवले. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज आपण मोबाइलवर पाहतो त्या असंख्य छायाचित्रांत आणि चलच्चित्रांत तीच 'साधी' रीत वापरलेली असते.

ही रीत काय करते? चित्राचे आडवे आठ व उभे आठ पिक्सेलांचे लहान तुकडे करते. प्रत्येक तुकड्यात सपाट रंग किती, मोठे चढउतार किती आणि अगदी बारीक चढउतार किती, हे आकड्यांनी मांडते. बारीक चढउतारांचे आकडे बहुधा अगदी लहान असतात. ते गाळले, तरी आपल्या डोळ्यांना फरक जाणवत नाही. स्वयंपाक करणारा पाककृती लिहिताना मिठाचा प्रत्येक कण मोजत नाही, तसेच हे आहे.

मात्र येथे जपावे लागते. फार आकडे गाळले, तर चित्रात चौकोनी ठिगळे दिसू लागतात. हिमरूची नाजूक बुट्टी पुसट होते. गाळलेली माहिती पुन्हा परत मिळत नाही. म्हणून मूळ छायाचित्र नेहमी वेगळे जपून ठेवावे आणि त्याची प्रत लहान करावी. लहान केलेले चित्र मुळाशेजारी ठेवून पाहावे. शालीचा रंग बदलला असेल, तर ते चित्र वापरू नये. छायाचित्रात एक रंग आणि घरी आलेल्या शालीचा दुसरा, असे झाले तर गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो.

चित्राचा प्रकारही नीट निवडावा. छायाचित्रासाठी जेपेग चांगले. अक्षरे किंवा दुकानाचे बोधचिन्ह यांसाठी 'पीएनजी' चांगले. कारण त्यात काहीच गाळले जात नाही आणि कडा स्वच्छ राहतात. २०१० साली आलेला 'वेबपी' हा प्रकार छायाचित्रे बहुधा जेपेगपेक्षाही लहान करतो.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. यादीत चित्रे लहान ठेवावीत. गिऱ्हाइकाने बोट लावल्यावरच मोठे चित्र आणावे. पानाच्या तळाशी असलेली चित्रे गिऱ्हाईक तिथे पोचेल तेव्हाच मागवावीत. प्रत्येक चित्राबरोबर त्याचे वर्णन लिहावे. 'निळी हिमरू शाल, पांढरी बुट्टी' एवढे लिहिले, तरी पुरे. अंध व्यक्तींचा मोबाइल ते वर्णन वाचून दाखवतो.

आता पुन्हा हिशेब करा. विणकराने प्रत्येक चित्र १ लाख बाइटचे केले. वीस चित्रांचे २० लाख बाइट झाले. तेच गिऱ्हाईक, तोच मोबाइल. पण आता वेळ लागतो फक्त ४ सेकंद! शालीत काही बदलले नाही. विणकराने फक्त गिऱ्हाइकाच्या वेळेचा आणि पैशाचा विचार केला.

मुलांनो, तुम्हीही मोबाइलवरून चित्रे पाठवता. पाठवण्यापूर्वी क्षणभर विचार करा: समोरच्याला एवढ्या मोठ्या चित्राची खरोखर गरज आहे का?

शब्दार्थ
पोत – कापडाची वीण, स्पर्श
पारखणे – नीट तपासून पाहणे
वाजवी – योग्य
संकोचन – दाबून लहान करणे
अनुदान – कामासाठी मिळणारी आर्थिक मदत
बोधचिन्ह – ओळखीची खूण
पुसट – अस्पष्ट

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पिक्सेल म्हणजे काय?
(आ) नासिर अहमद यांचा जन्म कोठे झाला?
(इ) बोधचिन्हासाठी कोणता प्रकार चांगला?
२. कारणे लिहा.
(अ) गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाकडे वळले.
(आ) मूळ छायाचित्र वेगळे जपून ठेवावे.
३. हिशेब करा : एक चित्र २ लाख बाइटचे आहे. दर सेकंदाला ५ लाख बाइट मिळतात. अशी दहा चित्रे दिसायला किती सेकंद लागतील?
४. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराच्या वस्तूचे वर्णन पाच वाक्यांत लिहा.