एका ठोक्याच्या तीन प्रती

बोईसर स्थानकाकडून नवापूरला जाणाऱ्या रस्त्याने तारापूरची औद्योगिक वसाहत ओलांडताना एखाद्या वजनकाट्याच्या खोलीपाशी क्षणभर थांबावे, म्हणजे मालमोटार काट्यावर चढून स्थिर होताच आतून जी करकर ऐकू येते, ती एके काळी प्रत्येक कचेरीत दिवसभर चालणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची आहे हे ओळखता येते. दोन्ही कडांना भोके पाडलेला सलग कागद दात्यांवरून पुढे सरकतो, गाडीचा क्रमांक, भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन अशा ओळी उमटत जातात, आणि काटेवाला पावती टर्रकन फाडून प्रती वेगळ्या करतो: वर पांढरी, तिच्याखाली गुलाबी, सर्वांत खाली पिवळी.

हे यंत्र आता मोडीत काढावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या तीन रंगांत आहे. लेसर प्रिंटर विद्युत्‌भाराने ओढलेली भुकटी उष्णतेने कागदावर वितळवतो, इंकजेट शाईचे सूक्ष्म थेंब फवारतो. कागदावर आघात असा कोणीच करीत नाही. डॉट मॅट्रिक्समध्ये मात्र ९ किंवा २४ बारीक पिना विद्युत्‌चुंबकाच्या झटक्यासरशी शाईच्या फितीवर आदळतात, आणि तोच आघात खालच्या प्रतींपर्यंत पोहोचतो. तीन वेळा छापलेल्या तीन कागदांत मधल्या वेळी एखादा आकडा बदलणे शक्य असते. एकाच ठोक्याने उमटलेल्या प्रतींत तो अवकाशच नसतो. माल देणारा, नेणारा आणि घेणारा हे तिघेही परस्परांना अपरिचित असता, रुजुवातीच्या वेळी तिघांच्या हाती एकाच क्षणाचा दाखला असणे, ही मला या यंत्राची सर्वांत मोठी योग्यता वाटते.

१ जुलै २०१७ रोजी लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नियमांनीही मालाच्या बीजकाच्या तीन प्रती सांगितल्या: अस्सल प्रत घेणाराची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी विकणाराची. परंतु १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या व्यापाऱ्यांना दुसऱ्या व्यापाऱ्यास माल विकताना सामान्यतः ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे, त्यास तीन प्रतींची अट नाही, आणि त्यावरचा क्यूआर कोड ९ पिनांच्या ठिपक्यांतून वाचण्याजोगा उमटणे कठीण. अशा बीजकासाठी लेसरच घ्यावा, जुन्याचा हट्ट धरू नये.

हल्ली अनेक ठिकाणी आलेल्या थर्मल पावतीविषयी मात्र माझे मत कठोर आहे. तिच्यात शाईच नसते. कागदावरचा रासायनिक लेप उष्णतेने काळा होतो, आणि प्रकाशाने, उबेने, प्लॅस्टिकच्या संसर्गानेही तो फिका पडतो. अशी एक पावती मी प्लॅस्टिकच्या पाकिटात काळजीपूर्वक जपली होती. काही महिन्यांनी हिशेबाच्या वेळी काढली तेव्हा हाती कोरा कागद आला. कराच्या कायद्याने हिशेबाची दप्तरे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. तेवढा काळ फितीच्या शाईचे अक्षर सहज टिकते.

शिवाय नवापूरचा किनारा जवळ, हवा खारट व दमट, आणि कारखान्यांच्या फाटकाशी धूळ अखंड. पावसाळ्यात ओल धरलेले सुटे कागद एकमेकांना चिकटून लेसरमध्ये अडकतात. सलग कागदाला दाते भोकांत धरून ओढतात, म्हणून तो बहुधा निमूटपणे पुढे सरकतो. वीज गेली तरी लहानशा इन्व्हर्टरवर हे यंत्र चालते. लेसरच्या तापणाऱ्या भागाला एकदम जो विजेचा ओढा लागतो, तो त्या इन्व्हर्टरला बहुधा पेलत नाही.

पत्रव्यवहारासाठी मात्र डॉट मॅट्रिक्स योग्य नाही. ९ पिनांत देवनागरीच्या मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. २४ पिनांत अक्षर बरे येते, तरी आवाज आणि मंदगती राहतातच.

वापरणाराने एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे. फितीच्या शाईने पिनांना वंगणही मिळते, म्हणून कोरडी फीत पिना झिजवते. फीत सुकत आली की वरची पांढरी प्रत फिकी दिसू लागते, आणि तिच्याखालची गुलाबी, जिला फितीची गरजच नसते, तिच्यावरून अधिक स्पष्ट वाचता येते. तसे झाले की त्याच दिवशी फीत बदलावी.